तीर्थनच्या पाण्यात ट्राउट: पहिल्यांदा गळ टाकणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातल्या नद्यांत ट्राउट नाही, आणि कोणी आणून सोडला तरी टिकणार नाही. या माशाला बारमाही थंड, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. साधारण 10 ते 16 अंश सेल्सिअसमध्ये तो मनापासून खातो, 20 च्या वर पाणी गेलं की खाणं सोडून धापा टाकत बसतो. आपल्याकडे मरळ, शिंगाडा किंवा महसीर गळाने पकडणाऱ्याला ट्राउट हवा असेल तर त्याला निलगिरी, मुन्नार नाहीतर थेट हिमालय गाठावा लागतो. हिमालयात सुरुवात कुठून करावी, असं विचारलंत तर आमचं उत्तर ठरलेलं आहे: हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातली तीर्थन नदी. पाणी बहुतेक वेळा नितळ, नदी फार रुंद नाही, रस्ता काठाने जातो आणि नदीवर मोठं धरण नाही. जालोरी खिंडीच्या निमित्ताने पुण्या-मुंबईची मंडळी तिथे जातच असतात. त्याच सहलीत दोन दिवस जास्तीचे काढले की काम होतं.

हा मासा भारतातला नव्हे. इंग्रजांनी 1900 मध्ये काश्मीरमध्ये त्याची अंडी आणून उबवली (आदल्या वर्षीची खेप वाटेतच मेली होती), आणि 1909 मध्ये कुल्लूत कटराईनजवळ महिली इथे हॅचरी (अंडी उबवण्याचं केंद्र) सुरू झाली. तेव्हापासून ब्राउन ट्राउट तिथल्या नद्यांत स्वतःहून वाढतो. रेनबो ट्राउट मात्र मुख्यतः मत्स्यशेतीतला. नॉर्वेच्या सहकार्याने उभं राहिलेलं पतलीकुहलचं केंद्र त्यासाठी प्रसिद्ध आहे. तीर्थनमध्ये तुमच्या गळाला लागेल तो बहुधा ब्राउनच.

ओळखायचं असं: ब्राउनच्या अंगावर काळ्या ठिपक्यांबरोबर लाल ठिपके असतात आणि त्यांभोवती फिकट कडं असतं. शेपटीवर ठिपके जवळपास नसतात. रेनबोच्या कुशीवरून गुलाबी पट्टा जातो आणि शेपटी काळ्या ठिपक्यांनी भरलेली असते. तिसराही एक मासा भेटेल. त्याला सगळे स्नो ट्राउट म्हणतात, पण तो ट्राउट नाहीच, महसीर-रोहूच्या नात्यातला आहे. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं, आणि पाठीवरचा पर आणि शेपूट यांच्यामध्ये ट्राउटला असतो तो छोटा मांसल पर त्याला नसतो. हिमालयातला मूळ रहिवासी तोच. परक्या ट्राउटने त्याची जागा बरीच बळकावली आहे, म्हणून गळाला लागलाच तर अलगद सोडून द्या.

कधी जायचं

हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट पकडायला बंदी असते. हा ब्राउनच्या विणीचा काळ. मादी वाळू-खड्यांच्या उथळ तळावर शेपटीने खळगा करून अंडी घालते, आणि त्या खड्यांवरून नुसतं चालत गेलं तरी अंडी चिरडतात. उरलेले आठ महिनेही सारखे नाहीत.

मार्च-एप्रिलमध्ये पाणी फार थंड असतं. पहाटे उठून काठावर कुडकुडण्यात अर्थ नाही. सूर्य दरीत उतरून पाणी दोन-तीन अंशांनी तापलं की मासा हलू लागतो, म्हणून सकाळी 10 ते दुपारी 3 ही वेळ धरा. मे आणि जूनचा पूर्वार्ध याच्या नेमका उलट. वरचा बर्फ दिवसा वितळतो आणि ते पाणी दुपारनंतर खाली पोहोचतं. नदी फुगते, पाणी दुधाळ होतं. अशा दिवसांत उजाडल्यापासून 10 वाजेपर्यंत आणि मग संध्याकाळी पाणी निवळलं असेल तर शेवटचा तास. जुलै-ऑगस्ट सोडून द्या: पाऊस, दरडी, गढूळ लोंढा. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ आम्हाला सर्वांत आवडतो. पाणी कमी आणि काचेसारखं स्वच्छ असतं, मासा विणीआधी भरपूर खात असतो, दिवसभर संधी असते. अडचण एकच: पाणी जितकं स्वच्छ, तितका मासा बुजरा.

गुशैणीला फलाचन खड्ड (तिकडे छोट्या नदीला खड्ड म्हणतात) तीर्थनला मिळते. वर कुठे सर पडून एकीचं पाणी गढूळ झालं तरी दुसरी निवळ असू शकते, हे लक्षात ठेवलं तर फुकट जाणारा दिवस वाचतो.

परवाना

परवान्याशिवाय गळ टाकू नका. परवाना हिमाचलचा मत्स्य विभाग देतो. बंजार-लारजी भागात विभागाची माणसं असतात, आणि बहुतेक होमस्टेवाले आदल्या दिवशी सांगितलं तर तो काढून ठेवतात. परवाना दिवसाचा आणि एका रॉडचा असतो. दोघांत एक परवाना आणि आळीपाळीने रॉड, हा जुगाड चालत नाही. किती मासे ठेवता येतील, किमान किती लांबीचे आणि कोणतं आमिष चालेल हे परवान्यावर छापलेलं असतं. हे नियम आणि शुल्क अधूनमधून बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका, कागद वाचा. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत मासेमारी नाही. गुशैणीच्या वर पायवाटेने जाताना पार्कचं प्रवेशद्वार लागतं, त्याच्या अलीकडेच थांबायचं.

पोहोचायला दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीची बस धरा आणि औटच्या बोगद्याआधी उतरा. तिथून लारजीमार्गे बंजार साधारण 30 किलोमीटर, पुढे गुशैणी दहाएक किलोमीटर. विमानाने जाणार असाल तर रॉड आणि गळ दोन्ही चेक-इन सामानात टाका. चार तुकड्यांचा 9 फुटी रॉड दुमडल्यावर 70 सेंटिमीटरच्या आसपास होतो. त्याला कडक नळीचं आवरण हवंच. प्लंबरकडचा पीव्हीसी पाइप आणि दोन टोपणं चालतात.

स्पिनिंग की फ्लाय?

ट्राउट दोन प्रकारे पकडतात: स्पिनिंग म्हणजे फिरत्या पात्याचं धातूचं आमिष (स्पिनर) बारीक लाइनवर फेकून रिळाने ओढणं, आणि फ्लाय म्हणजे हलका कृत्रिम किडा जाड लाइनच्या वजनावर फेकणं. शुद्धतावादी म्हणतील फ्लायच. आमचं मत वेगळं आहे. हातात दोनच दिवस असतील आणि परवान्यात स्पिनर चालत असेल तर पहिला दिवस स्पिनिंगचा ठेवा. कारण साधं आहे: पाणी वाचणं, लपणं, मासा खेळवणं हे सगळं दोन्हींत सारखंच असतं, आणि त्याच वेळी फ्लायची फेक शिकायला गेलात तर एकही गोष्ट नीट होत नाही. काश्मीरमध्ये नद्या बीटमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या पट्ट्यांत, विभागलेल्या असतात आणि काही बीट फक्त फ्लायसाठी राखीव असतात. तिथे जाणार असाल तर फ्लाय आधीच शिकून जावं लागेल.

स्पिनिंगसाठी 6 ते 7 फुटांचा अल्ट्रालाइट रॉड, 1000 ते 2000 आकाराचं रीळ आणि 0.18 ते 0.20 मिलिमीटर जाडीची मोनो (एकतारी नायलॉन) लाइन घ्या. आपल्याकडे खाडीवर वापरतात ती जाड लाइन इथे निरुपयोगी. 3 ग्रॅमचा स्पिनर तिच्यावर पाच मीटरही जात नाही. लाइन स्पूलच्या (रिळाच्या चक्रीच्या) काठापासून 2-3 मिलिमीटर खाली येईल एवढीच भरा. काठोकाठ भरली तर पहिल्याच फेकीला वेटोळी सुटून गुंता होतो, फार कमी भरली तर फेक तोकडी पडते. आमिष म्हणून 2 ते 5 ग्रॅमचे फिरत्या पात्याचे स्पिनर, सोनेरी आणि रुपेरी मिळून सहा-सात पुरेत. उजळ, नितळ पाण्यात मंद रंग, ढगाळ दिवशी चमकते. स्पिनरमुळे लाइनला पीळ बसतो, म्हणून त्याच्या अर्धा मीटर वर छोटा स्विव्हल (फिरती कडी) बांधा.

नव्या स्पिनरला तीनमुखी गळ असतो. तो काढून एकमुखी लावा आणि पक्कडीने त्याचा उलटा काटा दाबून सपाट करा. काटा नसला तर मासा सुटेल ही भीती अनाठायी आहे. लाइन ताणलेली ठेवली तर सुटत नाही. उलट तुमच्याच बोटात गळ घुसला तर तो सहज निघतो, आणि बंजारच्या दवाखान्यापर्यंतची फेरी वाचते.

रिळाचा ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढू लागला की लाइन आपोआप सुटू देणारी व्यवस्था. तो लाइनच्या ताकदीच्या साधारण पावपटीवर असावा. 2 ते 2.5 किलोच्या लाइनसाठी सोपी चाचणी अशी: लाइनच्या टोकाला अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली बांधा, रीळ हातात घट्ट धरून बाटली लटकवा. बाटली सावकाश, न अडखळता खाली सरकली पाहिजे. जागच्या जागी लटकून राहिली तर ड्रॅग सैल करा. धाडकन गेली तर आवळा. चांगला मासा तुटण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे आवळलेला ड्रॅग.

फ्लायसाठी 9 फुटी, 5 वजनाचा रॉड आणि त्याच वजनाची तरंगती लाइन घ्या (हा आकडा रॉडच्या वजनाचा नाही, त्याला जुळणाऱ्या लाइनच्या श्रेणीचा आहे). छोट्या खड्डांवरच जायचं असेल तर 3 किंवा 4 वजन चालेल, पण एकच घ्यायचा तर 5. रिळावर आधी 50 मीटर बॅकिंग (मासा लांब पळाला तर लागणारी राखीव दोरी), मग फ्लाय लाइन, तिच्या टोकाला 9 फुटांचा निमुळता, पारदर्शक लीडर आणि शेवटी अर्धा मीटर टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक तुकडा. टिपेटची जाडी 'एक्स'मध्ये मोजतात आणि आकडा जितका मोठा तितकी ती बारीक. 4एक्स म्हणजे 0.18 मिलिमीटर, 5एक्स म्हणजे 0.15. फ्लायच्या नंबराला तिनाने भागलं की जवळचा एक्स मिळतो: 12 नंबरला 4, 14-15 ला 5. जाड टिपेटवर बारीक फ्लाय अनैसर्गिक वाहते. उलट केलं तर फेकीत टिपेट पिळवटते.

फ्लाय म्हणजे गळाभोवती पिसं, केस, दोरा गुंडाळून केलेला कृत्रिम किडा. दुकानात शेकडो दिसतील. पाच प्रकार पुरेत: पृष्ठभागावर तरंगणाऱ्यांपैकी ॲडम्स आणि एल्क हेअर कॅडिस (12 ते 16 नंबर), बुडणाऱ्यांपैकी फेझंट टेल आणि हेअर्स इअर (14-16, सोनेरी मण्याचं डोकं असलेल्या), आणि एक काळा किंवा ऑलिव्ह वुली बगर (8-10). प्रत्येकी चार घ्या. झाडं आणि दगड मिळून निम्म्या खातात.

घरून शिकून जायच्या दोन गोष्टी

पहिली, गाठी. क्लिंच गाठ: लाइन गळाच्या डोळ्यातून ओवा, टोकाचे मूळ लाइनभोवती पाच वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या फटीतून काढून नव्याने झालेल्या मोठ्या फाशातून परत ओवा. आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने तापून लाइन कमकुवत होते आणि नेमकी तिथेच तुटते. लीडरला टिपेट जोडायला सर्जन गाठ: दोन्ही टोकं 12-15 सेंटिमीटर एकमेकांवर ठेवून एकच फास करा, टिपेटचं पूर्ण टोक आणि लीडरचं टोक त्यातून दोनदा काढा, ओलं करून चारही टोकं एकदम ओढा. या दोन गाठी थंडीने बधिर बोटांनी, संधिप्रकाशात बांधता आल्या पाहिजेत.

दुसरी, फ्लायची फेक. ही नदीवर शिकायची गोष्ट नाही. सकाळी रिकाम्या मैदानावर जा, गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधा.

1. सात-आठ मीटर लाइन सरळ समोर पसरा, रॉडचं टोक जमिनीलगत ठेवा, लाइनमध्ये ढील नको.
2. रॉड हळू सुरू करून वेग वाढवत वर उचला आणि घड्याळात 1 वाजल्याच्या जागी एकदम थांबवा. मनगट वाकू देऊ नका, कोपर आणि बाहू काम करतात.
3. थांबा. मागे वळून लाइन पूर्ण सरळ होताना पाहा. वळून बघण्यात कमीपणा नाही.
4. लाइन सरळ झाली की रॉड पुढे आणा, 10 वाजल्याच्या जागी पुन्हा झटकन थांबवा. ब्रशचा रंग भिंतीवर उडवताना हात जसा अचानक थांबतो, तसा.
5. लाइन हवेत उलगडली की टोक सावकाश खाली.

चाबकासारखा फटकारा ऐकू आला तर तुम्ही पुढची फेक लवकर सुरू केली. नदीवर त्या आवाजाबरोबर फ्लाय तुटून जाते आणि लोक रिकामा टिपेट तासभर फेकत बसतात. लाइन मागे जमिनीला लागली तर रॉड 1 च्या पुढे 3 पर्यंत गेला. लीडरवर आपोआप गाठी पडत असतील तर जोर एकदम सुरुवातीलाच लावला जातोय. या गाठी टिपेटची ताकद निम्म्यावर आणतात, दिसल्या की कापून नवी बांधा. तीर्थनच्या काठी मागे झाडं-खडक असतात, म्हणून रोल कास्टही करून पाहा: लाइन पाण्यावरून हळू ओढत रॉड कानाजवळ आणा, लाइनचं पोट रॉडच्या मागे लोंबलं की पुढे जोरात. मागे जागाच लागत नाही. पण ही फेक पाण्यावरच नीट होते. मैदानावर जमली नाही तर निराश होऊ नका.

पाणी वाचणं

नवखा माणूस काठावर पोहोचला की पहिल्या मिनिटाला लाइन पाण्यात टाकतो. तोवर मासे पळालेले असतात. ट्राउट पकडण्याचं खरं कौशल्य फेकीत नाही, त्याला न कळता त्याच्या जवळ जाण्यात आहे.

मासा प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभा असतो, कारण खाणं वरून वाहत येतं. म्हणून खालून वर सरकायचं. पाण्याखालून वरचं जग त्याला एका गोल खिडकीतून दिसतं. तो 1 मीटर खोल असेल तर ती खिडकी साधारण सव्वादोन मीटर व्यासाची. काठाजवळचं, खूप बुटकं ते त्याला अंधुक दिसतं, उभा माणूस स्पष्ट दिसतो. तेव्हा वाका, गुडघ्यावर बसा, मोठ्या खडकाआडून फेका. सावली पाण्यावर पडू देऊ नका. शर्ट खाकी, करडा, हिरवट. पांढरी टोपी गाडीतच ठेवा. बोलण्याने फारसं बिघडत नाही, पण गोट्यांवर आपटणारे बूट त्याला जाणवतात.

आता तो उभा कुठे असेल? पुरेसं खाणं, कमी मेहनत आणि जवळ लपायला जागा, हे तिन्ही जिथे मिळतं तिथे. वेगवान धार आणि संथ पाणी यांच्यामधली शिवण पाहा. फेसाची रेघ तिथूनच वाहते आणि फेस जिथे जातो तिथेच खाणं जातं. मोठ्या खडकाच्या मागची शांत जागा सगळ्यांना सुचते, पण खडकाच्या पुढेही पाण्याची एक उशी तयार होते आणि चांगला मासा पुष्कळदा तिथेच असतो. काठाखाली पाण्याने कोरलेली कपार, डोहात धार शिरते ते तोंड, आणि डोह संपून पाणी पुन्हा उथळ होतं ती शेपटी. सकाळ-संध्याकाळ शेपटीत, भर दुपारी डोहाच्या खोलात. गुडघ्याएवढ्या पाण्यातली जागा उथळ म्हणून सोडू नका.

एक दगड उचलून खालची बाजू बघा. वाळूच्या कणांच्या बारीक नळ्या चिकटलेल्या असतील तर त्या कॅडिसच्या अळ्या. चपटे, तीन शेपट्यांचे किडे बहुधा मेफ्लायच्या अळ्या. जो आकार आणि रंग जास्त दिसेल, त्याच्या जवळची फ्लाय निवडा. दगड होता तसा परत ठेवा.

प्रत्यक्ष फेकताना

जवळचं पाणी आधी, लांबचं नंतर. पहिली फेक पाच-सहा मीटरचीच असू द्या. थेट पलीकडच्या काठावर फेकलीत तर मधल्या सगळ्या माशांच्या डोक्यावरून लाइन जाते.

स्पिनर प्रवाहाच्या वर, तिरका फेका आणि पाण्याला टेकताच रीळ फिरवायला घ्या. प्रवाहापेक्षा किंचित जलद ओढलं तरच पातं फिरतं. पातं फिरत असेल तर रॉडच्या टोकात बारीक थरथर जाणवते. थरथर नाही म्हणजे तुम्ही फार सावकाश ओढताय किंवा गळाला शेवाळ लागलंय. तळाला अडकला तर ओढून आणखी रुतवू नका. वरच्या बाजूला चालत जा आणि उलट दिशेने हलका झटका द्या, बहुतेक वेळा सुटतो. एका जागी पाच-सहा फेकींत काही झालं नाही तर पुढे सरका. तीच जागा तासभर झोडपत बसणं हे खाडीवर चालतं, इथे नाही.

तरंगत्या फ्लायचा नियम एक: ती सुट्या पानासारखी, पाण्याच्याच वेगाने वाहिली पाहिजे. मधल्या वेगवान धारेने लाइन ओढली की फ्लाय मागे बारीक रेघ सोडत धावते, आणि ते पाहून मासा तोंड फिरवतो. उपाय: फ्लाय टेकताच रॉडच्या टोकाने लाइनचं पोट वरच्या बाजूला पलटवा. आणखी सोपा उपाय म्हणजे दोन पावलं जवळ जाऊन रॉड उंच धरून लाइन पाण्याला लागूच न देणं. बुडती फ्लाय तळाच्या वितभर वरून जायला हवी. पाणी 1 मीटर खोल असेल तर फ्लायच्या दीड मीटर वर निदर्शक (मासा लागल्याचं दाखवणारा छोटा तरंगता गोळा) लावा आणि गरज पडली तर 15-20 सेंटिमीटर वर चिमूटभर वजन. अधूनमधून तळाला टेकत नसेल तर वजन कमी आहे. निदर्शक क्षणभर जरी अडखळला तरी रॉड उचला. मासा लागला की दगड लागला हे ठरवत बसलात तर तोवर त्याने थुंकलेलं असतं.

तरंगत्या फ्लायवर मात्र उलटी चूक होते. मासा वर आलेला दिसताच लोक सगळी ताकद लावून रॉड ओढतात, आणि फ्लाय त्याच्या तोंडातून निघते किंवा टिपेट तुटतं. तो फ्लाय घेऊन खाली वळू द्या, मग रॉडचं टोक नुसतं वर घ्या.

मासा लागल्यावर रॉड 45 ते 60 अंशांत, लाइन सतत ताणलेली. तो पळाला तर पळू द्या, रीळ धरून ठेवू नका. त्याने उडी मारली तर टोक क्षणभर खाली करा. मग बाजूने दाब देऊन त्याला धारेतून संथ पाण्यात आणा. जाळं आधी पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा त्यावर आणा. जाळ्याने माशामागे धावलात तर तो शेवटची उसळी मारतोच. मासा जवळ असताना रॉड डोक्यामागे उभा नेऊ नका, टोकाचा तुकडा याच क्षणी मोडतो.

सोडायचा मासा शक्यतो पाण्याबाहेर काढूच नका. हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. रबराचं जाळं वापरा, दोरीचं नको. कल्ल्यांना बोट लावू नका. फोटो काढायचा तर कॅमेरा तयार झाल्यावरच मासा उचला, दहा सेकंदांत परत पाण्यात. प्रवाहाकडे तोंड करून हलक्या हाताने आधार द्या, तो स्वतःहून निघून जाईल. गळ खोल गिळला असेल तर उकरत बसू नका, लाइन जवळून कापा.

उंचावरची तळी

काश्मीरच्या ग्रेट लेक्स ट्रेकवर गंगाबल, नंदकोल, विशनसर, किशनसर ही साडेतीन हजार मीटरच्या वरची तळी लागतात आणि त्यांत ट्राउट आहे. परवाना श्रीनगरलाच काढून ठेवा, वर काही मिळत नाही. तळ्यात प्रवाह नसल्यामुळे मासा एका जागी उभा न राहता फेऱ्या मारतो. म्हणून ओढा तळ्यात शिरतो आणि बाहेर पडतो त्या दोन जागा पहिल्यांदा पाहा. मग उथळ फिकट पाणी जिथे एकदम गडद होतं ती उतरंड. स्पिनर किंवा वुली बगर टाकून मनात दहापर्यंत मोजा, बुडू द्या, मग ओढा. पुढच्या फेकीला पंधरापर्यंत. कोणत्या आकड्यावर मासा लागतो ते कळलं की तोच धरून ठेवा. काठाने जाणारा मासा दिसला तर त्याच्यावर नव्हे, त्याच्या वाटेवर तीन-चार मीटर पुढे फेका. या उंचीवर पोहोचल्याच्या दिवशी धावपळ नको. डोकं दुखत असेल तर रॉड तंबूतच राहू द्या.

पाण्याची भीती बाळगा

8 जून 2014 रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्याने ब्यास नदीत उतरलेले हैदराबादचे 24 विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा एक सहल-संयोजक वाहून गेले. पाणी काही क्षणांत चढलं. ब्यास, सैंज, उहल या नद्यांवर वीजप्रकल्प आहेत. तिथे सूचनाफलक असलेल्या पट्ट्यात नदीच्या मधल्या खडकावर जाऊ नका, ऊन असो की आभाळ. तीर्थनवर धरण नसलं तरी वर ढगफुटी होऊ शकते. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला किंवा गोटे गडगडण्याचा आवाज आला की सामानाचा विचार न करता वर चढा.

गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात उतरायची पहिल्या फेरीत गरजच पडत नाही. उतरायचंच तर हातात काठी, पट्टीने घट्ट बांधलेला वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार), आणि रबरी गुळगुळीत तळव्यांऐवजी फेल्टचे किंवा खिळ्यांचे तळवे. शेवाळलेल्या गोट्यांवर ट्रेकिंगचे साधे बूट साबणावर चालल्यासारखे घसरतात. एकट्याने जाऊ नका, आणि चष्मा किंवा गॉगल कायम डोळ्यांवर. पोलराइज्ड गॉगलने पाण्यावरची चकाकी जाऊन तळही दिसतो.

ठेवला तर

नियमात बसणारा एखादा मासा ठेवायचा ठरवलात तर त्याला तडफडत ठेवू नका, डोळ्यांच्या मागे डोक्यावर एकच जोरकस फटका द्या. तासाभरात पोट साफ करा, कण्याला चिकटलेली काळपट लाल रेघ अंगठ्याच्या नखाने खरवडून काढा. ती राहिली तर मासा कडवट लागतो. खवले काढायची गरज नाही. पाण्यात भिजत न ठेवता ओल्या कापडात, सावलीत ठेवा. साधारण 30 सेंटिमीटरचा मासा 300 ग्रॅमच्या आत-बाहेर भरतो. त्याला मीठ, हळद, लिंबू आणि चिमूटभर तिखट पुरे. सुरमईला लावतो तसं दाट वाटण लावलं तर ट्राउटची नाजूक चव हरवते. तव्यावर थोड्या तेलात, कातडीसकट, मध्यम आचेवर प्रत्येक बाजू चार मिनिटं. काटा मधून उचलला की सगळा एकसंध निघतो.

परतल्यावर रॉडचे तुकडे पुसून उघड्यावर वाळवा, रीळ गोड्या पाण्याने धुवा, फ्लायचा डबा उघडा ठेवा, नाहीतर गळ गंजतात. बूट आणि वेडर पूर्ण खडखडीत वाळल्याशिवाय दुसऱ्या नदीत उतरू नका. फेल्टच्या तळव्यांत अडकून एका खोऱ्यातलं शेवाळ दुसऱ्या खोऱ्यात सहज पोहोचतं.